तिसरा जखमी

उल्हासची निळी स्टेशन वॅगन ड्राइव्हवेत वळली तेव्हा शरयू सिंकपाशी कोथिंबीर धूत होती. मुलाच्या तेराव्यानंतर, म्हणजे सहा महिन्यांहून जास्त काळ, ती गाडी या घरी आली नव्हती. उल्हासच्या पिस्कॅटवेहून इथं वेस्ट विंडसरला असं कितीसं लांब. पाऊण तासही लागत नाही. पण तेराव्याला गुरुदत्तनं धाकट्या भावाला याच दारात उभं करून सगळ्यांदेखत विचारलं होतं, "सोडायला तूच गेलास ना त्याला? मग आता जेवायला कशाला आलास?" उल्हासनं काढलेले बूट तसेच पुन्हा पायात घातले आणि मीनाक्षीला घेऊन तो परत गेला. तेव्हापासून दोन्ही घरांत फोन वाजला तो फक्त दोघी जावांचा, आणि तोही नवरे कामावर गेल्यावर.

आजही ते आपणहून आले नव्हते. शरयूनंच गुरुवारी फोन केला होता.

"भावजी, शनिवारी दुपारी या. रंगाबरोबर होता तो सार्जंट येतोय. रविवारच्या समारंभाआधी त्याला घरच्यांना भेटायचंय. घरचे म्हणजे तुम्हीही."

मग उल्हास म्हणाला, "दादाला विचारलंत?"

"नाही."

"मग, वहिनी?"

"मग काय. या."

दीपानं दार उघडलं. सोळा वर्षांची पोर, पण या सहा महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर एक मोठं बाईपण येऊन बसलं होतं. ती काकाला मिठी मारून नुसती उभी राहिली. मीनाक्षीनं हातातला डबा शरयूकडे दिला. "मुगाची खिचडी आहे, वहिनी. म्हटलं, तुम्ही दिवसभर स्वयंपाकघरात राहाल आणि स्वतः काही खाणार नाही."

जिन्यावर पावलं वाजली. गुरुदत्त खाली आला, अर्ध्यावर थांबला. त्रेपन्न वर्षांचा, ताठ, शनिवारीही पांढरा शर्ट खोचलेला. हॉस्पिटलमध्ये शिकाऊ रेसिडेंट डॉक्टर त्याच्या पायांचा आवाज ओळखून गप्प होतात, असं उल्हास पूर्वी हसत सांगायचा. आता कुणी हसलं नाही.

"मी बोलावलंय," शरयू म्हणाली.

त्यानं बायकोकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं नाही. "माझं काही म्हणणं नाही," असं म्हणून तो दिवाणखान्यात जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. याचा अर्थ, त्याचं पुष्कळ म्हणणं होतं.

श्रीरंग, घरातला रंगा, सुरुवातीच्याच पानांवर मोडून ठेवलेल्या पुस्तकासारखा राहून गेला होता. नागपूरला जन्मला, तिसऱ्या वर्षी आईच्या कडेवर बसून अमेरिकेत आला, शाळेत सगळ्यांचा लाडका होता. कॉलेजात प्री-मेडची दोन वर्षं झाली आणि एक दिवस जेवणाच्या टेबलावर तो बापाला म्हणाला की, मला मेडिकल स्कूलला जायचं नाही, मी आर्मीत नाव घातलंय, मेडिक म्हणून. लढाईत पलटणीबरोबर राहून जखमींना पहिला हात लावणारा माणूस. त्याआधी दोन वर्षं तो गावच्या रेस्क्यू स्क्वॉडच्या अॅम्ब्युलन्सवर फुकट काम करत होता. गुरुदत्तला वाटलं होतं, मेडिकलच्या अर्जावर लिहायला बरं पडेल म्हणून करतोय.

"आमच्या घराण्यातला पहिला डॉक्टर मी," गुरुदत्त त्या रात्री म्हणाला होता. "आणि माझा मुलगा कंपाउंडर होणार. तेही बंदुकीच्या तोंडी."

त्यानंतर बाप मुलाशी बोलला नाही. रंगाची पत्रं यायची, शरयू ती जेवताना मोठ्यानं वाचायची आणि गुरुदत्त मान खाली घालून जेवत राहायचा. गेल्या ऑक्टोबरात त्याची पलटण लढाईसाठी ग्रेनेडाच्या बेटावर उतरली. चौथ्या दिवशी दारात दोन अधिकारी टोप्या काढून उभे होते.

उद्या, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, गावच्या हायस्कूलच्या सभागृहात रंगाचं सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक घरच्यांच्या हाती द्यायचं होतं. गुरुदत्तनं महिन्यापूर्वीच सांगून टाकलं होतं की तो येणार नाही. "पदक घेऊन मी काय करू? भिंतीला लावू?"

सार्जंट बरोबर तीनला आला. नाव टॉलिव्हर. शरयूनं कुणी आडदांड, करड्या केसांचा माणूस मनात धरला होता. दारात उभा होता तो फार तर अठ्ठावीसचा, वाळूच्या रंगाचे केस आणि डाव्या हातात काठी. उजव्या हातात कागदी पिशवी होती. "माझ्या आईनं सफरचंदाचा मुरांबा पाठवलाय, मॅम," तो म्हणाला. केंटकीच्या डोंगरातलं त्याचं इंग्रजी शब्दाशब्दाला लांबत होतं, शरयूला कान देऊन ऐकावं लागत होतं. "ती म्हणाली, रिकाम्या हातानं जाऊ नकोस. मी म्हटलं, जे द्यायचंय ते बरणीत मावणारं नाही. पण ती ऐकत नाही."

"आया ऐकत नाहीत," शरयू म्हणाली, आणि बरणी घेताना तिला एकदम तो माणूस घरचा वाटला.

तो कोचाच्या कडेवर बसला, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून. चहा झाला. टॉलिव्हरनं सांगितलं की पलटणीत रंगाला सगळे 'डॉक हिर' म्हणायचे. हिर्लेकर हे आडनाव कुणालाच जमत नव्हतं. पोरांच्या पायांना फोड आले तर हा गुडघ्यावर बसून एकेकाचे पाय बघायचा. ज्यांना पत्र लिहिता येत नव्हतं त्यांना लिहून द्यायचा. मीनाक्षी पदरानं डोळे टिपत होती. दीपा जमिनीवर आईच्या पायाशी बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

गुरुदत्तनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तुझ्या पायाला काय झालं होतं?"

"नडगीचं हाड, सर. आणि गुडघ्याच्या वर एक गोळी."

"रक्तवाहिनी?"

"डॉक्टर म्हणाले, हो."

"मुलानं काय बांधलं?"

"त्रिकोणी पट्टी. आणि काठी घालून पिळली."

"किती वर? दाखव."

टॉलिव्हरनं मांडीवर बोट ठेवून दाखवलं. गुरुदत्त पुढे वाकून बघत होता. "पट्टी आवळल्याची वेळ लिहिली?"

"माझ्या कपाळावर, सर. पेनानं. नऊ चाळीस."

"बरोबर," गुरुदत्त म्हणाला. "तुझ्याआधी कोण होता?"

"रेडिओवाला. त्याच्या छातीत लागली होती. डॉकनं त्याला दगडी कुंपणाआड ओढत नेलं आणि जखम प्लास्टिकनं बंद केली, एक कडा मोकळी ठेवून. तो आता ओहायोत आहे. गेल्या महिन्यात लग्न झालं त्याचं."

"एक कडा मोकळी, हवा बाहेर जायला. हं. मग तू. मग?"

"दादा," मीनाक्षी मराठीत म्हणाली, "त्याला जरा श्वास तरी घेऊ द्या."

शरयूच्याही मनात तेच आलं होतं. मुलाच्या मरणाची गोष्ट ऐकताना हा माणूस रेसिडेंटची उलटतपासणी घेतल्यासारखा बसलाय. तिला त्याचा राग आला, तो जुनाच होता, आणि त्याला आता धार आली होती.

पण गुरुदत्तचं लक्ष नव्हतं. तो म्हणाला, "पदकाच्या त्या मानपत्रात लिहिलंय, 'शत्रूच्या अखंड गोळीबारात तीन जखमींपर्यंत पोहोचून'. नावं दोनच आहेत. रेडिओवाला आणि तू. तिसऱ्या ओळीत पुन्हा लिहिलंय, 'तिसऱ्या जखमीवर उपचार करत असताना'. त्याचं नाव का नाही?"

शरयू नवऱ्याकडे बघत राहिली. मानपत्राची प्रत मार्चमध्ये पोस्टानं आली होती. ती त्याच्या टेबलावर तिनं ठेवली, दुसऱ्या दिवशी ती तिथं नव्हती. तिला वाटलं होतं, फेकून दिली असेल. त्यानं ती पाठ केली होती.

टॉलिव्हरनं काठी बाजूला ठेवली. "त्यासाठीच मी आलोय, सर," तो म्हणाला. "ते मानपत्र माझ्या जबानीवरून लिहिलंय. मी खोटं लिहिलं नाही. पण सगळं लिहिलं नाही."

मग त्यानं सांगितलं. मध्ये तो थांबला तर कुणी त्याला घाई केली नाही.

रस्ता होता, एका बाजूला कुंपण, पलीकडे कोरडा चर. टेकडीवरच्या घरातून मशीनगन चालू होती. रेडिओवाल्याचं आणि टॉलिव्हरचं करून झाल्यावर चरातून ओरडणं ऐकू आलं. स्पॅनिशमध्ये. विमानतळाच्या बांधकामावरच्या क्यूबन मजुरांपैकी एक होता तो, हातात रायफल दिलेली. पंधरा मिनिटांपूर्वी तो यांच्यावर गोळ्या झाडत होता. आता त्याच्या काखेखालून रक्त उडत होतं आणि तो आईला हाक मारत होता.

"तो शब्द आम्हाला सगळ्यांना कळला, मॅम," टॉलिव्हर शरयूकडे न बघता म्हणाला. "डॉकनं बॅग उचलली. मी म्हटलं, सोड त्याला. सरळ हुकूम दिला मी. तो म्हणाला, 'सार्ज, तो बोलावतोय.' आणि रस्ता ओलांडून गेला. तीस फूट असेल."

"जाताना लागली?" गुरुदत्तनं विचारलं.

"तेव्हा मला कळलं नाही. तो चरात पडल्यासारखा उतरला, मग उठून बसलेला दिसला. मी पाय ओढत, कोपरांवर सरकत निघालो. मला आठ-दहा मिनिटं लागली असतील. पोचलो तेव्हा त्याची बोटं त्या क्यूबनच्या काखेत रुतलेली होती. मला म्हणाला, 'माझ्या बोटांवर बोटं ठेव. दाब. आता मी काढतो, तू सोडू नकोस. काही झालं तरी.' मी दाबलं. मग त्यानं वेळ विचारली. मी सांगितली, दहा वाजून दोन. त्यानं क्यूबनच्या कपाळावर लिहायला घेतली. दहा लिहिलं. पुढचं लिहिलं नाही."

गुरुदत्त खुर्चीत आणखी पुढे सरकला.

"तो कसा बसला होता?" गुरुदत्तनं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"चराच्या मातीला टेकून. गुडघे जवळ घेऊन, पुढे वाकून. बॅग मांडीवर आवळून धरली होती. मला वाटलं, बॅग सांभाळतोय."

"बॅगेनं दाबत होता," गुरुदत्त म्हणाला. "जांघेत लागली होती. हात मोकळा नव्हता, म्हणून बॅग आणि स्वतःचं अंग."

टॉलिव्हरनं मान हलवली. त्याचे डोळे भरले होते, पण तो रडला नाही. जे म्हणायला केंटकीहून आला होता ते त्याला म्हणायचं होतं. "मी चुकीच्या माणसाला दाबून धरून बसलो, सर. तुमचा मुलगा माझ्या शेजारी, हातभर अंतरावर होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. हेलिकॉप्टर येईपर्यंत मी त्या दुसऱ्याला धरून बसलो."

"किती वेळ?"

"पस्तीस मिनिटं."

गुरुदत्त उठला. कोचाजवळची तिवई ओढून तो टॉलिव्हरच्या समोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. आपल्या जांघेवर त्यानं बोट ठेवलं. "इथं पट्टी बसत नाही. पट्टी बसायला खाली मांडी लागते. इथं फक्त दाब, आणि मग ऑपरेशन टेबल. दहा-पंधरा मिनिटांच्या आत. माझ्या टेबलावर असता तर कदाचित. कदाचित, म्हणतोय मी. तू दोन्ही हातांनी त्याला दाबलं असतंस तरी पस्तीस मिनिटं तो टिकला नसता. आणि तो क्यूबनही गेला असता. ज्याला धरून ठेवता येत होतं त्याला त्यानं तुझ्या हातात दिलं. कळलं?"

"हो, सर."

"मी तुझी समजूत घालत नाहीये. मी रोज हे काम करतो. हे असं आहे."

"डिड ही नो?" दीपानं विचारलं. "बाबा, दादाला माहीत होतं?"

"हो," गुरुदत्त म्हणाला. "तिथं त्याला एकट्यालाच माहीत होतं."

शरयूनं दीपाच्या खांद्यावर हात ठेवला.

तो क्यूबन वाचला, असं टॉलिव्हरनं सांगितलं. त्याला आणि टॉलिव्हरला एकाच हेलिकॉप्टरमधून नेलं. वाटेत तो माणूस 'मेदिको, मेदिको' असं, म्हणजे डॉकबद्दल, विचारत राहिला आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही. "उद्या मला बोलायला सांगितलंय," तो म्हणाला. "हुकूम मोडून गेला असं लिहिलं तर पदक अडकेल, या भीतीनं मी जबानीत नुसतं 'तिसरा जखमी' लिहिलं. पण तुमच्यासमोर उभं राहून मी अर्धं सांगू शकत नाही. तुमची परवानगी असेल तर सगळं सांगेन. नसेल तर बोलणारच नाही."

उल्हास इतका वेळ भिंतीशी उभा होता. तो मराठीत म्हणाला, "नाही. मुळीच नाही."

"काका," दीपा म्हणाली.

"दीपा, तू लहान आहेस. उद्या त्या हॉलमध्ये निम्मे लोक लढाया केलेले असतील. आपली मराठी मंडळातली माणसं असतील, देशातून आलेल्यांना इथं काय काय ऐकावं लागतं ते त्यांना ठाऊक आहे. आणि त्यांच्यासमोर सांगायचं की आमचा मुलगा शत्रूला वाचवायला गेला? हुकूम मोडून? उद्या कुणी म्हणालं, हा नक्की कुणाच्या बाजूचा होता, तर?"

"मलाही तसंच वाटतं, वहिनी," मीनाक्षी हळूच म्हणाली. "तो आपल्या माणसांसाठी गेला, एवढं पुरेसं नाही का? खोटं थोडंच आहे ते?"

"इट्स नॉट ट्रू आयदर," दीपा म्हणाली. "आई, टेल देम."

टॉलिव्हरला भाषा कळत नव्हती. तो आपल्या तळहातांकडे बघत बसला होता.

"तू बोलू नकोस, उल्हास," गुरुदत्त म्हणाला. आज त्यानं भावाला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. "काय सांगायचं, काय नाही, ते तू ठरवायचं नाहीस. तू त्याला गाडीत घालून त्या भरतीच्या ऑफिसात सोडून आलास. माझ्या मागं. एक फोन करावासा वाटला नाही तुला मला."

उल्हासचं तोंड पांढरं पडलं. सहा महिने तो या आरोपावर काही बोलला नव्हता, आणि शरयूनं त्याला बोलू दिलं नव्हतं, म्हणजे त्याच्या गप्प राहण्याचा आडोसा तिनं घेतला होता. समोर एक परका मुलगा शेकडो मैल ओलांडून आपलं अर्धं राहिलेलं सांगायला आला होता.

"त्यांनी नाही नेलं," ती म्हणाली. "मी पाठवलं."

गुरुदत्तनं मान वळवली.

"रंगानं आधी मला सांगितलं. तुम्हाला सांगण्याआधी तीन आठवडे. ओट्याशी उभा होता, मी पोळ्या करत होते. म्हणाला, आई, डॉक्टरपर्यंत पोचायच्या आत माणूस जातो. त्या मधल्या वेळात जो लागतो ना, तो मला व्हायचंय. मी नको म्हटलं. दोन दिवस भांडले त्याच्याशी. मग मला दिसलं, तो जाणारच आहे. त्याचा जन्माचा दाखला आणि ग्रीन कार्ड तुमच्या टेबलाच्या कप्प्यात होतं. किल्ली मी दिली. आणि चोरासारखा एकटा बसनं जाऊ नये म्हणून भावजींना फोन केला, की तुम्ही घेऊन जा. ते नाही म्हणत होते. मी गळ घातली."

"वहिनी," उल्हास म्हणाला.

"राहू द्या, भावजी. तेराव्याला तुम्ही बूट घालून परत गेलात, तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मला धीर झाला नाही. मुलगा गेला होता, आता नवराही..." ती थांबली. "बास. एवढंच आहे."

गुरुदत्त ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला, मागचं दार सरकवून अंगणात गेला आणि हिरवळीच्या पार टोकाला, कुंपणाशी, पाठ करून उभा राहिला.

"मी जाऊ का?" टॉलिव्हरनं विचारलं.

"नाही," शरयू म्हणाली. "तुम्ही जेवून जायचं."

मग उल्हास बाहेर गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शरयूला दोघं दिसत होते. सुरुवातीला दोघांच्या मध्ये चार हात अंतर होतं. उल्हास काहीतरी बोलत होता, हात खिशात घालून, जमिनीकडे बघत. नंतर त्यानं तिला सांगितलं, दादानं एवढंच विचारलं की तू इतके दिवस माझं ऐकून का घेतलंस. आणि तो म्हणाला, "तुझा मुलगा गेला होता. कुणाला तरी बोलायला तुला हवंच होतं. वहिनींना बोलला असतास तर घर राहिलं नसतं." त्यावर गुरुदत्तनं भावाच्या मानेवर हात ठेवला. खिडकीतून दिसलं ते तेवढंच: तो हात, बराच वेळ तिथंच.

दोघं आत आले. गुरुदत्त टॉलिव्हरसमोर उभा राहिला. "उद्या सगळं सांग. तिसऱ्याचंही."

"दादा, लोक काय म्हणतील," मीनाक्षी म्हणाली.

"काय म्हणायचं ते म्हणू देत." मग भावाकडे वळून तो मराठीत म्हणाला, "तू शत्रू शत्रू म्हणतोस. माझ्या टेबलावर एकदा बायकोला मारून पोलिसांची गोळी लागलेला माणूस आला होता. मी त्याला चार तास शिवत होतो. तेव्हा मला कुणी विचारलं नाही, तू कुणाच्या बाजूचा. रंगाकडे आला तो पेशंट होता. त्याला मी कंपाउंडर म्हटलं होतं. माझ्याकडे आजवर शंभरेक रेसिडेंट शिकून गेले, त्यांतल्या किती जणांना हे जमलं असतं, मला माहीत नाही. मला जमलं असतं का, तेही माहीत नाही."

शरयूशी तो बोलला नाही. फक्त जेवायला बसताना म्हणाला, "वाढ." ती वाढत गेली. टॉलिव्हरनं हातानं भात खाण्याचा प्रयत्न केला, दीपानं त्याला बोटं कशी जुळवायची ते दाखवलं, आणि मीनाक्षीची खिचडी त्यानं तीनदा मागून घेतली.

रविवारी सकाळी शरयू साडीच्या निऱ्या करत होती. गुरुदत्त आरशासमोर टाय बांधत होता. आपण येणार आहोत असं त्यानं सांगितलं नव्हतं. नुसता तयार होत होता.

"मला तेव्हा सांगितलं असतंस तर मी त्याला अडवलं असतं," तो आरशातूनच म्हणाला.

"म्हणूनच नाही सांगितलं."

त्यानं टायची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "हं," म्हणाला.

सभागृह भरलं होतं. रेस्क्यू स्क्वॉडची मुलं गणवेशात आली होती, मंडळातली वीसेक कुटुंबं होती, गुरुदत्तच्या हॉस्पिटलातले लोक होते. टॉलिव्हर काठी टेकत व्यासपीठावर चढला आणि घरी सांगितलं तसंच सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. स्वतःचा हुकूम सांगितला. तो मोडला गेला तेही सांगितलं. 'चुकीच्या माणसाला' हे शब्द मात्र त्यानं या वेळी वापरले नाहीत. क्यूबनचा उल्लेख आला तेव्हा मधल्या रांगेतला छातीवर पदकं लावलेला एक म्हातारा उठला आणि बुटांचा आवाज करत बाहेर गेला. त्याच्या मागोमाग आणखी एक. उल्हासनं खुर्चीचे हात घट्ट धरलेले शरयूला दिसले. बाकी कुणी उठलं नाही. टॉलिव्हरचं बोलणं संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. रेडिओवाला ओहायोहून नव्या बायकोला घेऊन आला होता. तो उठून उभा राहिला, मग स्क्वॉडची मुलं, मग सगळे.

पदक गुरुदत्तच्या हातात दिलं. त्यानं ते शरयूच्या हातात दिलं. कर्नलनं त्याला दोन शब्द बोलायची विनंती केली. तो बोलणार नव्हता, पण माइकपाशी गेला आणि इंग्रजीत म्हणाला, "मी सर्जन आहे. त्या दिवशी तीन माणसांनी माझ्या मुलाला बोलावलं. तो तिघांकडे गेला. मी त्याचं काम पाहिलं नाही. आज ऐकलं. ते बरोबर होतं." आणि खाली उतरला.

नंतर पार्किंगमध्ये लोक भेटून, हात हातात घेऊन जात होते. दीपा काका-काकूंबरोबर पुढे गेली. टॉलिव्हरला विमानतळावर सोडायला उल्हास निघाला होता. त्यानं गाडीतून हात केला. हळूहळू लॉट मोकळा झाला. शरयू गाडीच्या दाराशी थांबली.

"एक विचारू? खरं सांगाल? पेशंटच्या आयांना सांगता तसं नको."

"विचार."

"त्याला फार दुखलं असेल का?"

गुरुदत्तनं गाडीच्या टपावर हात ठेवला. "लागली तेव्हा दुखलं असेल," तो म्हणाला. "जोरात. पहिला मिनिटभर. मग कमी. मग थंडी वाजते, तहान लागते. शेवटी झोप येते."

"भीती वाटली असेल?"

"माझ्या हाताखाली माणूस असतो तेव्हा मला भीती वाटत नाही, शरयू. कधीच नाही. नंतर वाटते. घरी आल्यावर, हात धुताना." तो थांबला. "त्याच्या वाट्याला ते नंतर आलंच नाही."

शरयूनं मान हलवली. तिनं हात पुढे केला आणि त्यानं तो धरला, आणि उन्हात तापलेल्या त्या रिकाम्या लॉटमध्ये ती दोघं रडली, सहा महिन्यांत पहिल्यांदा एकत्र.